मागच्या चाकांचे मडफ्लॅप: घ्यावे कोणते, लावावे कसे? (काळी माती, पांदण, नागपूरचं ऊन)

गणिताचा_तास (बेसा)
६ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

गाडी चार मीटरच्या आतली, उंच बसणीची, पेट्रोल. नाव मुद्दाम लिहीत नाही. मागे एकदा लिहिलं तर चाळीस उत्तरं आली, त्यातली पस्तीस "ही काहून घेतली बे?" एवढंच विचारणारी. घेतली आता. दीड वर्ष झालं, हप्ते चालू आहेत. टायर २१५/६० आर १६, म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर. पुढचे मडफ्लॅप गाडीसोबतच आले, मागचे नाहीत. गाडी ताब्यात घेताना विचारलं होतं, तर तिथला पोरगा म्हणाला, "सर, मागे लागतच नाही." माझ्या हातात पेढ्यांचा डबा होता, मीही मान हलवली.

लागतात की नाही ते आता सांगतो. दर रविवारी आम्ही गावी जातो, उमरेडच्या पुढे, भिवापूरकडे. आई-बाबा तिथंच असतात. बाबांची थोडी मिरची, बाकी सोयाबीन. गावापर्यंत डांबरी आहे, गावातून वावरापर्यंत सव्वा किलोमीटर पांदण. उन्हाळ्यात या पांदणीला अशा भेगा पडतात की पेन पडला तर सापडत नाही, आणि दोन पाऊस झाले की तिचं लोणी होतं. काळ्या मातीत गाडी घालणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. चाक माती धरतं, दर फेऱ्याला थर चढत जातो, आणि डांबरीवर येऊन जरा वेग घेतला की ती ढेकळं एकेक करून सुटतात. काही बंपरवर, काही डिक्कीच्या दारावर, काही नंबर प्लेटवर. रिव्हर्सचा कॅमेरा तर पांदण संपायच्या आतच आंधळा होतो. एकदा वाटेत हवालदारानं थांबवून नंबर प्लेट पुसायला लावली. त्याचं बरोबरच होतं, बाटलीतलं पाणी ओतून पुसली.

तरीही मी हललो नाही. घरी जाऊन धुवू, म्हणत राहिलो.

मागच्या रविवारी परतताना दिघोरीजवळ सिग्नलला थांबलो होतो. पाऊस नुकताच उघडलेला. माझ्या काचेवर टकटक झाली. स्कूटरवर एक काका, साठीचे असतील, मागे काकू. काकांनी चष्मा काढून माझ्यासमोर धरला. दोन्ही काचांवर काळे शिंतोडे, मधे फक्त बोटानं पुसलेली एक रेघ. काकूंचा पदर तर बघवत नव्हता. काका शांतपणे म्हणाले, "भाऊ, कधीपासून तुमच्या मागं येऊन राहिलो. मागं काही लावा न." दोन शिव्या घातल्या असत्या तर मी उलट काहीतरी बोललो तरी असतो. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "पप्पा, सॉरी म्हणा." म्हटलं. तेवढ्यात हिरवा लागला.

तर लावायचे आहेत. समोर चार गोष्टी आहेत. एक, गाडीच्या कंपनीचेच, याच मॉडेलसाठी साच्यातून काढलेले. पार्ट्सच्या खिडकीवर ७८० रुपये जोडी सांगितली, मागवावे लागतील, आठवडा जाईल. दुसरे, कुठल्याही गाडीला बसणारे सपाट रबरी. सदरकडे एका दुकानात ३०० रुपये, "गाडी आणा सर, ड्रिल मारून दहा मिनिटांत देतो." तिसरे ऑनलाइन, जाड पण लवचिक, लाल रंगातही मिळतात, १,२५० रुपये. मुलीला लालच पाहिजेत. बायको काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. चौथा पर्याय बाबांचा. घरी जुन्या कन्व्हेयर बेल्टचा एक तुकडा पडला आहे, भंगारातून आणलेला. आमच्या ट्रॉलीला त्याचेच मडफ्लॅप आहेत, नऊ वर्षांत हलले नाहीत. बाबांचं म्हणणं, "कायले पैसे घालवतं?"

विचारायचं हे: नागपूरच्या उन्हात यातलं काय टिकेल? ड्रिल मारू द्यावं का? लांबी किती ठेवावी? आणि मागची काच स्वच्छ राहील का? कारण घरात तीच आशा दाखवून मी पैसे मंजूर करून घेतले आहेत.

ईडापीडा (महाल)
६ जुलै, रात्री ११.०५

सर, पोळ्यापर्यंत थांबा. ईडापीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीमागं गाडी उभी करा आणि ओरडा, "चिखल-माती घेऊन जा गे मारबत!" एक रुपया लागणार नाही.

(मला यातलं काही माहीत नाही. वाचायला बसलो आहे.)

सुसाट_४९ (वर्धा रोड)
७ जुलै, सकाळी ७.५०

मागं लावूच नका. मी महिन्यातून दोनदा समृद्धीनं जातो, १२० च्या मर्यादेत. आधीच्या गाडीला मागचे फ्लॅप होते, शंभरच्या वर गेलं की फडफड फडफड. गाडी मालवाहू टेम्पोसारखी दिसते ते वेगळं. शहरात आता जिकडं-तिकडं सिमेंटचे रोड, चिखल आहे कुठं? पांदणीसाठी बाबांचा ट्रॅक्टर आहे न.

रबरी_माणूस (हिंगणा)
७ जुलै, सकाळी ११.३०

सर, मी इथल्या एमआयडीसीत रबर मोल्डिंगमध्ये २२ वर्षं काढली. बुश, बीडिंग, पायदानं, मडफ्लॅप, सगळं या हातांतून गेलं. आता निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे, तेव्हा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आधी बाबांच्या बेल्टविषयी, कारण वडीलधाऱ्यांचं आधी ऐकावं. माल एक नंबर आहे. आत कापडाचे थर, वरून-खालून रबर, फाटतच नाही. पण वजन बघा. ३० बाय २५ सेंटीमीटरचा, एक सेंटीमीटर जाडीचा तुकडा पाऊण किलोच्या वर जातो. ट्रॉलीला तो लोखंडी अँगलवर बोल्टनं कसलेला असतो. तुमच्या गाडीत तो टांगायचा कशाला? चाकाच्या कमानीत जे प्लॅस्टिकचं किंवा नमद्याचं अस्तर असतं त्याला आणि बंपरच्या कोपऱ्याला. बेल्ट फाटणार नाही, ते मान्य. तो अस्तर घेऊन खाली येईल.

आता सदरवाले ३०० रुपयांचे. सपाट रबर म्हणून जे विकतात त्यात बरंचसं जुन्या टायरचं परत वापरलेलं रबर आणि खडूची भुकटी असते. दुकानातच घडी घालून बघा. घडीवर पांढरी रेघ उमटली आणि फ्लॅप सरळ व्हायला वेळ घेऊ लागला, तर खाली ठेवा. असा माल दोन उन्हाळ्यांत टोकाकडून वळतो, पापडासारखा. मे २०२४ मध्ये आपल्याकडच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, आठवतं? हवामान खात्यानं मग सेन्सरचाच दोष असल्याचं सांगितलं. पण ४५ तर आपल्याकडं खरेच असतात, आणि उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या प्लॅस्टिकला हात लावून दाखवा दुपारी दोन वाजता.

लाल रंगाचं मुलीला असं सांगा: टायर काळाच का असतो? रबरात काजळी घालतात, कार्बन ब्लॅक. त्यानं रबराला ताकद येते, आणि उन्हातली अतिनील किरणं ती काजळी स्वतःच शोषून घेते, रबरापर्यंत फारशी पोचू देत नाही. फ्लॅपच्या काळ्या प्लॅस्टिकलाही तोच फायदा. लालमध्ये काजळी घालता येत नाही, दुसरी रसायनं घालावी लागतात, आणि ती किती घातली हे विकणाराच जाणे. पहिल्या वर्षी लाल, दुसऱ्या वर्षी गुलाबी. ते ऑनलाइनवाले बहुतेक ईव्हीएचे असतील, चपलेच्या सोलचं भाऊबंद. वस्तू वाईट नाही, वाकते, तडकत नाही. पण तुमच्या गाडीच्या वळणाचे नसतील तर कड आणि बंपर यांच्यात फट राहते.

माझं मत, ७८० वालेच घ्या. भारी असतात म्हणून नव्हे. ते गाडीत असलेल्या भोकांनाच बसतात, हे त्यांचं खरं मोल.

कारण ड्रिल मारू द्यायचं नाही. हे ठळक अक्षरात वाचा. कमानीची कड म्हणजे पत्र्याची घडी असते. तिथं भोक पाडून वरून स्क्रू पिळला की रंग गेला, जस्ताचा थर गेला, आणि वरून बारा महिने ओली माती बसणार. दोन पावसाळ्यांत गंज आतून चालू होतो, बाहेर फोड दिसेपर्यंत तुम्हाला कळत नाही. शिवाय पेट्रोलचं झाकण ज्या बाजूला, त्या बाजूच्या अस्तरामागून भरण्याची नळी खाली उतरते. बंपरच्या आत सेन्सरच्या वायरी. दहा मिनिटांत देतो म्हणणारा तिथं लांब स्क्रू किती आत गेला हे बघत नसतो. माझ्या साल्याच्या गाडीत वायरच गेली होती. दुकान कोणतं ते सोडा, गंज आणि वायर तर आता त्याच्याच घरी आहेत.

सुसाट भाऊ, तुमची फडफड खरी आहे. तो फ्लॅप दोनच ठिकाणी धरलेला असणार. तीन ठिकाणी, त्यातलं एक आतल्या बाजूला, धरला की आवाज जातो. आणि सिमेंट रोडवर चिखल नसेल, पण कडेला पाणी थांबतं आणि त्यात गिट्टीची बारीक कच असते. दुचाकीवाल्याच्या तोंडावर चिखलापेक्षा ती वाईट.

काचेचं मात्र, सर, घरी खरं सांगून टाका. मागची काच स्वच्छ राहणार नाही. आपल्या गाड्यांची पाठ उभी असते. छपरावरून येणारी हवा तिथं एकदम सुटते, मागं पोकळी होते, आणि ती पोकळी रस्त्यावरची बारीक धूळ आणि तुषार ओढून काचेवर आणून बसवते. म्हणून तर अशा गाड्यांना मागं वायपर देतात आणि डिक्की बाहेर असलेल्या गाड्यांना सहसा देत नाहीत. मडफ्लॅप ढेकूळ अडवतो, खडा अडवतो, धारदार पाणी अडवतो. धुकं नाही अडवत.

स्कूटीवाली (मनीष नगर)
७ जुलै, दुपारी ३.१५

मी त्या काकूंच्या बाजूनं. रोज सकाळी वर्धा रोडवर तुमच्यासारख्या गाड्यांच्या मागं असते.

एकच सांगते, कारण तुम्ही लोक फ्लॅप नेहमी बाजूनं बघता आणि मी मागून बघते. बऱ्याच गाड्यांना फ्लॅप असतो, पण टायरपेक्षा अरुंद. बाहेरची दोन बोटं टायर उघडाच दिसतो. सगळी धार त्या दोन बोटांतूनच येते. घ्यायच्या आधी गाडीच्या मागं जाऊन खाली बसा. टायर दिसला तर फ्लॅप परत करा.

आणि सुसाट_४९, चिखल कुठं आहे विचारलंत. माझ्या रेनकोटवर आहे.

गणिताचा_तास (बेसा)
८ जुलै, रात्री ९.२०

ताई, आज संध्याकाळी शेजाऱ्यांच्या गाडीमागं उकिडवा बसलो. तुम्ही म्हणता तेच. चौकीदारानं विचारलं, "सर, काही पडलं का?"

रबरीकाका, कंपनीचे सांगून आलो. जोडी दाखवायला होती, म्हणून मोजून घेतली. रुंदी २४ सेंटीमीटर, म्हणजे टायरच्या साडेएकवीसला पुरून उरते. पण खालची कड रिकाम्या गाडीत जमिनीपासून १६ सेंटीमीटरवर राहील. मला हे फार वाटतं. आता थोडं गणित सोसा, शाळेत कोणी ऐकत नाही.

टायरवरून सुटलेला खडा स्पर्शरेषेत जातो. दहावीत हेच शिकवतो, वर्तुळाची स्पर्शिका, आणि पोरं विचारतात की हे कुठं उपयोगी पडतं. माझ्या टायरची त्रिज्या साधारण ३३ सेंटीमीटर. टायर जिथं जमिनीला टेकतो तिथून मागच्या बाजूनं वर चढत गेलं, तर जितके अंश वर, तितक्याच अंशाच्या कोनात खडा उडतो. फ्लॅप नसताना अडवायला फक्त बंपरची खालची कड. ती जमिनीपासून ३२ आणि आसापासून ४५ सेंटीमीटर मागं. तिच्याखालून ४५ अंशांपर्यंतचं सगळं निसटतं. आसामागं ४१ सेंटीमीटरवर, १६ उंचीचा फ्लॅप लावला की ही मर्यादा २५ अंशांवर येते. पाच जण बसले की गाडी मागून साडेचार सेंटीमीटर दबते (मागच्या रविवारी बाबांच्या दोन पोत्यांसह मोजलं), मग १८ अंश.

म्हणजे गाडी भरलेली असताना मागच्यांना कमी त्रास, रिकामी असताना जास्त. मी तर आठवडाभर एकटाच चालवतो. खाली सहा सेंटीमीटरची रबरी पट्टी जोडली तर रिकाम्या गाडीतही १० वर येईल, कोन १५ अंशांच्या आसपास. काय म्हणता?

ईडापीडा (महाल)
८ जुलै, रात्री ९.३१

मी दहावीत हा धडा ऑप्शनला टाकला होता. चूक झाली.

रबरी_माणूस (हिंगणा)
९ जुलै, सकाळी १०.००

सर, गणित बरोबर आहे, पट्टी लावू नका.

तुमच्या हिशोबात गाडी फक्त पुढं जाते. ती रिव्हर्सही जाते. पुढं जाताना टायरची मागची बाजू वर फिरते, फ्लॅपला लागली तरी त्याला वर ढकलते, फारसं बिघडत नाही. रिव्हर्समध्ये तीच बाजू खाली फिरते. मागं फूटपाथ किंवा पार्किंगचा सिमेंटचा ठोकळा असला की फ्लॅप ठोकळ्याला टेकतो, टायर त्याला धरतो आणि खाली ओढून नेतो. फ्लॅप लवचिक असला तरी क्लिपा आणि अस्तर लवचिक नसतात. गाडी भरून १० सेंटीमीटर राहिले पाहिजेत, त्याखाली जायचं नाही. तुमचा १६ वाला भरून साडेअकरा राहतो, छान आहे. पट्टी लावली तर भरून साडेपाच. पांदणीच्या चाकोरीत जमिनीलाच घासेल.

आता लावायचं. आदल्या दिवशी कमानी आतून पाण्याच्या धारेनं धुवा. काळी माती वाळली की दगड होते, मग पेचकसानं खरवडताना अस्तर फाटतं. क्लिपा सहा जादा आणून ठेवा, १० रुपयाला एक मिळते. जुनी क्लिप काढताना मधली पिन आधी वर उचलायची, मग बाहेरचा भाग. घाईत दोन तरी तुटतातच.

मागचं चाक काढाच. चाक न काढता होतं असं सांगणारे असतील, त्यांची बोटं बारीक असतील. जॅक सपाट जागी, गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा. चाक काढलं की ते किंवा स्टेपनी गाडीच्या उंबऱ्याखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक घसरला तर गाडी त्यावर बसेल, तुमच्या हातावर नाही. हे काम एकट्यानं करू नका.

फ्लॅपची कड जिथं बंपरच्या रंगाला टेकते, तिथं आधी पारदर्शक फिल्मची बोटभर पट्टी चिकटवा. हे कोणी सांगत नाही. कडेखाली कच जाऊन बसते आणि गाडी हलली की कानशीसारखी घासते. वर्षानं फ्लॅप काढून बघाल तर रंगावर त्याचंच चित्र. सगळे स्क्रू आधी सैल लावा, फ्लॅप सरळ करा, मग आवळा. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू आहे, टिचेपर्यंत पिळू नका. चाकाचे नट तिरपे-तिरपे आवळा, आणि ५० किलोमीटर चालवून परत एकदा बघा.

सुसाट_४९ (वर्धा रोड)
९ जुलै, दुपारी १.४०

तीन ठिकाणी धरायचं ते पटलं. माझ्याला दोनच स्क्रू होते, आता आठवलं. ताई, रेनकोटबद्दल क्षमस्व.

गणिताचा_तास (बेसा)
२१ जुलै, रात्री ८.५५

झालं. सविस्तर लिहितो, त्यात एक कबुलीही आहे.

फ्लॅप १३ तारखेला आले. गावीच लावू म्हटलं, अंगणात सपाट फरशी आहे आणि बाबा मदतीला. रविवारी सकाळी तर्री-पोहे खाऊन नऊला बसलो. डावी बाजू लावायला सव्वा तास लागला, उजवी पंचवीस मिनिटांत. डावीकडं वेळ कुठं गेला ते सांगतो. स्क्रूची डोकी सहा पाकळ्यांच्या चांदणीची निघाली, माझ्याकडं साधा चौफुलीचा पेचकस. गावात सायकलवाल्याकडं नव्हता, मोटारपंप दुरुस्त करणाऱ्याकडं होता, तो वावरात गेला होता. तो येईपर्यंत चहा. मग दोन क्लिपा तुटल्या, काकांनी सांगितल्या तितक्याच. अस्तराच्या मागं हात घातला तर मुठीएवढा काळ्या मातीचा गोळा निघाला, दीड वर्षाचा, वाळून टणक. बाबांनी तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "आपल्याच वावरातला हाय." बांधावर टाकून आले.

फिल्मची पट्टी लावली. मुलीनं कात्रीनं कापून दिली, फुगा न येता चिकटवली, लालचं दुःख त्यात जरा विसरली. (काजळीचं तिला पटलं. आता ती रस्त्यावरच्या प्रत्येक लाल फ्लॅपकडं दयेनं बघते.) पाच क्लिपा आणि चार स्क्रू, दोन्ही बाजू मिळून. बाबांनी दर स्क्रूला "अजून पीळ" म्हटलं आणि मी पिळला नाही, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

आता कबुली. पट्टी लावली.

माहीत आहे. काकांनी सरळ नको म्हटलं होतं. पण अंगणात बसून मोजलं तर १६ चे १६ पुरते भरत होते, आणि १५ अंश डोक्यातून जाईनात. बाबांनी तो बेल्ट आणला, त्यातली पातळ कडेची पट्टी कापून दिली, दोन छोट्या बोल्टांनी खाली जोडली. दिसायलाही बरी दिसत होती. बाबा खूश, कारण शेवटी त्यांचा माल लागला. परतताना अख्ख्या रस्त्यात मी आरशात बघत होतो. उमरेड रोडवर एक मोटारसायकलवाला चांगला दहा मिनिटं मागं होता, त्यानं हेल्मेटची काच वर केलेली. वर केलेली! मी बायकोला दोनदा दाखवलं.

घरी आलो. आमच्या पार्किंगमध्ये मागं सिमेंटचा ठोकळा आहे, १२ सेंटीमीटर उंच. गाडी भरलेली, डिक्कीत बाबांनी दिलेली ज्वारी आणि कांदे. रोजच्यासारखी मागं घेतली. आधी मऊ असा आवाज आला, मग टक. खाली उतरून बघितलं तर उजवा फ्लॅप ठोकळा आणि टायरच्या मधे, आतली क्लिप तुटलेली, अस्तराचं भोक लांबट झालेलं. चौकीदार आला. या वेळी त्यानं विचारलं नाही.

गाडी हळूच पुढं घेतली, फ्लॅप सुटला. स्वतः फ्लॅपला काही झालं नाही, वाकून परत जागेवर. दोन्ही पट्ट्या तिथंच काढल्या. लांबट झालेल्या भोकाला मोठा वॉशर घालून नवी क्लिप लावली, घट्ट बसली आहे. एकूण खर्च ७८०, क्लिपा ६०, फिल्म ९०, चांदणीचा पेचकस १४०. वॉशर घरचा.

त्यानंतर दोनदा भर पावसात वर्धा रोडनं आलो-गेलो, आणि आज परत गावी जाऊन आलो. नंबर प्लेट पूर्ण वाचता येते. बंपरच्या खालच्या भागावर ढेकूळ नाही, फक्त धूळ. कॅमेऱ्यावर पातळ पडदा येतो, पण मागं उभा माणूस ओळखू येतो. मागची काच जशीच्या तशी घाण. बायकोनं त्यावर बोटानं ७८० लिहून ठेवलं आहे.

रबरी_माणूस (हिंगणा)
२१ जुलै, रात्री ९.३०

त्या वॉशरवर लक्ष ठेवा, लोखंडी असेल तर गंजेल. प्लॅस्टिकचा मिळतो. आणि पांदणीतून आलात की फ्लॅप आणि अस्तराच्या मधल्या कोपऱ्यात पाण्याची धार मारा, नाहीतर तिथं नवा गोळा तयार होईल.

पट्टीबद्दल मी काही बोलत नाही.

स्कूटीवाली (मनीष नगर)
२२ जुलै, सकाळी ८.१०

सर, खाली बसून बघितलंत का? टायर दिसतो का?

गणिताचा_तास (बेसा)
२२ जुलै, संध्याकाळी ६.४५

नाही दिसत ताई. दोन्हीकडं.

काका, प्लॅस्टिकचा वॉशर आज आणला. पट्ट्या बाबांनी काल परत मागून घेतल्या. एक मोटारपंपाच्या पायाखाली घातली आहे, आवाज कमी झाला म्हणाले. दुसरी कशाला ठेवली ते सांगत नाहीत, फक्त विचारत होते, तुझे पुढचे मडफ्लॅप किती उंचीवर आहेत.